पहिला अंक कुणीही काढतो

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी एक बारीक ओळ असते. हे पत्र अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक. चष्मा लावूनही ती वाचताना डोळे ताणावे लागतात, म्हणून आपण ती वाचत नाही. मीही वाचत नसे. वयाच्या चोविसाव्या वर्षी लातूरला मित्रांबरोबर एक त्रैमासिक काढायचं ठरलं. छापखान्याचे मालक म्हणाले, "मजकूर सावकाश आणा. आधी खालची ओळ सांगा. नाव कुणाचं घालायचं?" आम्ही चौघं होतो. चौघंही एकमेकांकडे बघत गप्प बसलो.

त्या त्रैमासिकाचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आज नांदेड-लातूरकडची मुलंमुली माझ्याकडे येतात आणि विचारतात, सर, आम्हाला आमचं स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय, सगळ्यांनी वाचावं असं. त्यांना सल्ले भरपूर मिळालेले असतात. भांडवल उभं करा, जाहिराती धरा, मुखपृष्ठ झकपक ठेवा, प्रकाशनाला वजनदार पाहुणा आणा. या सल्ल्यांत खोट काही नाही. पण मराठी नियतकालिकांचा दोनशे वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर यातलं फारसं काही नसताना टिकलेली पत्रं दिसतात आणि हे सगळं असूनही दुसऱ्या वर्षी दिसेनाशी झालेली दिसतात. टिकवणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा वेगळ्याच होत्या, आणि त्या कुणी फारशा सांगत नाही.

पहिली गोष्ट त्या बारीक ओळीचीच. १८५७च्या उठावानंतर दहा वर्षांनी, १८६७ साली, इंग्रज सरकारनं छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. छापणारा कोण, प्रसिद्ध करणारा कोण, हे अंकावर लिहायचं आणि तसं घोषणापत्र दंडाधिकाऱ्यासमोर करायचं. स्वराज्य आलं तरी हा कायदा राहिला. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा लागू झाला. नोंदणी आता संगणकावरून होते, पण नाव लागतंच. सरकारला नाव हवं होतं ते पकडायला माणूस सापडावा म्हणून. वाचकाला ते हवं असतं, कारण लिहिलेल्या शब्दामागं कुणीतरी उभं आहे हे त्याला कळायला हवं.

याचं एक उदाहरण उर्दूतलं आहे, पण ते मराठी वाचकानं ऐकावं असं आहे. मौलाना हसरत मोहानी हे गझलेतलं मोठं नाव. अलीगढहून बी.ए. झाल्यावर १९०३ साली त्यांनी 'उर्दू-ए-मुअल्ला' नावाचं मासिक काढलं. (मीही बी.ए.च आहे, पण साम्य तिथंच संपतं.) १९०८ साली त्यांनी इजिप्तमधल्या इंग्रजांच्या धोरणावर टीका करणारा एक लेख छापला. लेखावर लेखकाचं नाव नव्हतं. पोलिसांनी नाव विचारलं. हसरतनी सांगितलं नाही. जबाबदारी माझी, म्हणाले, आणि तुरुंगात गेले. तिथं त्यांना जातं ओढावं लागलं. दंडाच्या वसुलीसाठी त्यांची जमवलेली पुस्तकं कवडीमोलानं विकली गेली. बाहेर आल्यावर त्यांनी मासिक पुन्हा सुरू केलं. दुसऱ्याच्या लेखासाठी हा संपादक तुरुंगात जातो, हे एकदा कळल्यावर त्याला लेखक कमी पडतील का?

आता आपल्या मराठीकडे येऊ. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं. म्हणूनच आपण ६ जानेवारी पत्रकार दिन म्हणून पाळतो, हारतुरे होतात, भाषणं होतात. 'दर्पण'ची एक गोष्ट मात्र त्या भाषणांत हरवते. बाळशास्त्री तेव्हा विशीत होते, आणि ज्याला मराठी वर्तमानपत्राचा वाचक म्हणावं असा माणूस त्या काळी अस्तित्वातच नव्हता. वर्तमानपत्र म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी पानावर दोन रकाने ठेवले, एक मराठी आणि एक इंग्रजी. इंग्रजी शिकू पाहणारा तरुण दोन्ही ताडून पाहील, आणि इथले लोक काय म्हणतात हे गोऱ्या साहेबालाही वाचता येईल. पत्र आधी पाक्षिक होतं, चारच महिन्यांत ४ मेपासून साप्ताहिक झालं. १८४० साली ते बंद पडलं. म्हणजे जेमतेम साडेआठ वर्षं.

साडेआठ वर्षांत बंद पडलेल्या पत्राला यशस्वी म्हणायचं का? मी म्हणतो. 'दर्पण'च्या कामात बाळशास्त्रींबरोबर भाऊ महाजन होते. 'दर्पण' थांबलं आणि १८४१ साली भाऊंनी 'प्रभाकर' सुरू केलं. त्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून एक पत्रलेखक 'लोकहितवादी' या नावानं पत्रं लिहू लागला. ते गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकर, वयानं पंचविशीतले. त्यांनी आपल्याच समाजावर असे कोरडे ओढले की भले भले चिडले. त्या 'शतपत्रां'शिवाय मराठी गद्याचा इतिहास लिहिता येत नाही. भाऊंनी त्यांना जागा दिली, आठवड्यामागून आठवडे. स्वतःच्या पत्रात दुसऱ्याला आपल्यापेक्षा मोठं होऊ द्यायचं हे सोपं नसतं. आमच्या त्रैमासिकात चार संपादकांच्या मिळून दर अंकाला नऊ कविता असत. बाकीच्या जगासाठी उरत त्या पाच.

पैशाची बाजू टाळून चालणार नाही. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' काढलं. शेतकरी, कष्टकरी, बहुजन यांच्या बाजूनं बोलणारं पत्र. ज्यांच्यासाठी काढलं त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि ज्यांना होती त्यांतले बरेचजण या पत्राला पैसा देणारे नव्हते. भालेकर टेकीला आले. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेलं आणि तिथं ते गिरणी कामगारांच्या हाती पडलं. आपण आज ही पुरवणी निवांत वाचत बसलो आहोत तो रविवारही गिरणी कामगारांना लोखंड्यांच्या चळवळीमुळंच मिळाला, १८९० साली. भालेकरांनी पत्र मरू दिलं असतं आणि मीच त्याचा संस्थापक म्हणत बसले असते, तर इतिहासात 'दीनबंधू'ची एक ओळ राहिली असती. ज्याच्याकडे वाचक आहे त्याच्या हाती पत्र सोपवावं लागतं, आणि ते वेळेवर सोपवावं लागतं.

पैशाविषयी खरं मोकळं बोलले ते बाबासाहेब. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघालं. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्या पाक्षिकाची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं छापली नाही, असं बाबासाहेबांनी पुढं लिहून ठेवलं आहे. बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली 'मूकनायक' थांबलं. ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केलं. ते वर्ष कसलं होतं? महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह नुकताच, २० मार्चला झालेला. वकिली, सभा, खटले, आणि रात्री अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकहाती लिहून काढायचे. १९२८ साली त्यांनी अग्रलेखातून पत्राचा तोटा सरळ वाचकांपुढं ठेवला. 'बहिष्कृत भारत'चं ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न त्यांनी त्या अग्रलेखाच्या मथळ्यातच विचारला. किती लिहावं लागतं, किती झीज सोसली, समाजानं काय दिलं, सगळा हिशेब मांडला. वाचकापुढं हात पसरणं याला म्हणत नाहीत. वाचकाला घरातला माणूस मानून घरचा हिशेब त्याच्यासमोर उघडणं झालं. आमच्याकडे उलटं असतं. पत्र तोट्यात गेलं की संपादक वाचकापासून तोंड लपवतो आणि 'काही अपरिहार्य कारणांमुळे' असं वाक्य लिहून मोकळा होतो. 'बहिष्कृत भारत'ही १९२९ मध्ये बंद पडलं, पण पुढं १९३० साली 'जनता' निघालं आणि १९५६ साली त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं. वाचक तेच होते. नावं बदलत गेली.

नाव बदलण्याची कला कुणाला शिकायची असेल तर आपल्या मराठवाड्यात यावं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात कचेरी उर्दूत, न्यायालय उर्दूत. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूत. उर्दू ही माझी घरची भाषा आहे. तिच्यावर माझं प्रेम आहे. पण नांदेडच्या नाहीतर उदगीरच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत एक अर्ज लिहिता येऊ नये हा न्याय नव्हता, हे सांगायला मला अडचण वाटत नाही. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' आडवं येई, परवानगी लागे. अशा काळात १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढलं. संस्थानात पत्र चालवण्याची सोय नव्हती, म्हणून ते निजामाच्या हद्दीबाहेर छापून आत आणायचं. बंदी आली की दुसरं नाव घ्यायचं आणि पुन्हा काढायचं. त्यावर बंदी आली की तिसरं.

मौलाना आझादांचं 'अल-हिलाल' १९१२ साली कलकत्त्याहून निघालं. सरकारनं जामिनकी जप्त केली आणि ते १९१४ साली बंद पडलं. पुढच्या वर्षी 'अल-बलाग' निघालं. वाचकांनी ते ओळखलं. सरकारनंही ओळखलं म्हणा. आज जो तो आधी नाव शोधत बसतो. नाव नोंदवून झालं, बोधचिन्ह काढून झालं, मजकूर मात्र अजून ठरायचाय, असे तरुण मी पाहिले आहेत. वाघमाऱ्यांच्या वाचकाला मथळ्यावर काय छापलंय याची फिकीर नव्हती. आतला आवाज ओळखीचा आहे ना, एवढंच तो बघत असे. पुढं अनंत भालेराव संपादक झाले, 'मराठवाडा' दैनिक झालं आणि या भागातल्या माणसांना एकमेकांच्या जिल्ह्यात काय चाललंय हे कळू लागलं. नांदेडचा माणूस लातूरच्या पाण्यावर रागावू लागला तो त्यामुळं.

याच संस्थानातलं आणखी एक नाव सांगायलाच हवं. मी ते उच्चारतो तेव्हा माझे बरेचसे मराठी मित्र ते पहिल्यांदाच ऐकत असतात. शोएबुल्ला खान. हैदराबादहून ते 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक काढत. इमरोज म्हणजे आज. संस्थान भारतात विलीन व्हावं, रझाकारांची दांडगाई थांबावी, असं ते उर्दूत, म्हणजे रझाकारांना वाचता येणाऱ्या भाषेत लिहीत. त्यांना धमक्या आल्या. त्यांनी लिहिणं सोडलं नाही. २२ ऑगस्ट १९४८च्या मध्यरात्रीनंतर कचेरीतून घरी परतताना रस्त्यात त्यांच्यावर हल्ला झाला. ज्या हातानं लिहीत तो हात तोडला गेला. वयाची तिशीही त्यांनी गाठली नव्हती. सोबतचे मेहुणेही जबर जखमी झाले. यानंतर महिना पुरा व्हायच्या आत, १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं.

स्वतःचं पत्र काढू पाहणाऱ्या मुलांना ही गोष्ट घाबरवण्यासाठी मी सांगत नाही. एवढंच विचारतो, की तुमच्या लिहिण्यानं कुणाचं काही बिघडणार आहे का? कुणाचंच बिघडणार नसेल तर तुम्हाला वाचायची गरजही कुणाला पडणार नाही.

स्वातंत्र्यानंतरचं एकच उदाहरण घेतो, कारण ते मी जवळून पाहिलं. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून १९६७-६८ साली एक नियतकालिक निघालं. आधी 'अस्मिता', मग 'अस्मितादर्श'. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते चालवलं, २७ मार्च २०१८ रोजी डोळे मिटेपर्यंत. पन्नास वर्षं! आणि हे कुठल्या मोठ्या भांडवलावर चाललेलं नियतकालिक नव्हतं, प्राध्यापकाच्या पगारातला माणूस त्याच्यामागं होता. ज्या मुलांच्या घरात आधी कुणी शाळेत गेलं नव्हतं त्यांच्या पहिल्या कविता, पहिल्या आत्मकथनांची पानं तिथं आली. मोठ्या मासिकांनी जे साभार परत पाठवलं असतं ते सरांनी ठेवून घेतलं, दुरुस्त केलं, पुन्हा लिहायला लावलं.

दुसरी गोष्ट मेळाव्याची. 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावी भरत. त्या मेळाव्याच्या नावातच लेखक आणि वाचक जोडीनं आहेत. सतरंजीवर शेजारी बसलेला माणूस आज वाचक आहे आणि पुढच्या वर्षी लेखक होणार आहे, हे पानतावणे सरांनी गृहीतच धरलं होतं. मी अशा सतरंजीवर बसलेलो आहे. जेवणाच्या पंगतीत शेजारच्या माणसानं मला विचारलं होतं, "तुमच्यात कविता मराठीत करतात का?" मी म्हटलं, मी तरी करतो. त्यानं खिशातून एक चतकोर कागद काढून आपली कविता मला वाचून दाखवली. त्याला माझ्या उत्तरापेक्षा श्रोता हवा होता.

आता आमचं त्रैमासिक. खालच्या ओळीत शेवटी माझंच नाव पडलं, कारण चौघांत पदवी माझ्याकडे होती आणि पत्ताही कायमचा होता. जानेवारी १९९३ मध्ये पहिला अंक निघाला. खिळे जुळवून, ट्रेडल मशीनवर छापलेला. पाचशे प्रती काढल्या. प्रकाशन थाटात झालं, पाहुणे बोलले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की पोस्टात टाकायला आमच्याकडे त्र्याहत्तर पत्ते आहेत. उरलेले गठ्ठे अब्बांच्या पलंगाखाली गेले. अब्बा कुणी पाहुणा आला की म्हणत, बेटा, जाताना एक घेऊन जा, खाली पुष्कळ आहेत. पाचशे प्रती छापण्याआधी शंभर माणसं नावानिशी ठाऊक हवीत, ती कुठं राहतात, काय करतात, संध्याकाळी त्यांना वेळ असतो का, हे ठाऊक हवं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

वर्गणी वर्षाची पंचवीस रुपये होती, ती मनीऑर्डरनं यायची. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहानशी चिठ्ठी असे, पैसे पाठवणाऱ्यानं दोन शब्द लिहायला. जुलैमध्ये औसा तालुक्यातल्या एका कंपाउंडरची वर्गणी आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'अंक आवडला. कविता कळल्या नाहीत, पण आवडल्या.' आम्ही ती चिठ्ठी एकमेकांना दाखवून हसलो होतो.

चौथा अंक ऑक्टोबरचा. आधुनिक कवितेतल्या दुर्बोधतेवर विशेषांक. सप्टेंबरअखेर त्याचे फर्मे छापून झाले होते. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला, जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, आणि लातूर-उस्मानाबादच्या दोन्ही बाजूंची गावं. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. आम्ही चौघंही गेलो होतो तिकडं. ढिगारे उपसले, रॉकेलचे डबे वाहिले, ज्यांना ओळखणारं कुणी उरलं नव्हतं अशांच्या अंत्यविधीला उभे राहिलो. महिनाभर हातांचा वास जात नव्हता. आणि नोव्हेंबरमध्ये आम्ही तो अंक पोस्टात टाकला. जसाच्या तसा, दुर्बोधतेवरचा. भूकंपाचा त्यात एक शब्द नव्हता. फर्मे छापून झाले होते, कागदाचे पैसे गेले होते, हे खरं. पण एक सुटं पान छापून आत घालता आलं असतं. दोन रुपयांची बाब होती. आम्हा चौघांपैकी एकालाही ते सुचलं नाही. आपण जगतो ते वेगळं आणि आपण काढतो तो अंक वेगळा, अशी आमची समजूत होती, आणि तिला आम्ही साहित्य म्हणत होतो.

आठ दिवसांत तो अंक त्या कंपाउंडरकडून परत आला. वेष्टन काढलेलं होतं, म्हणजे वाचून परत केला होता. सोबत कार्ड होतं. 'संपादक महाशय, तुमच्या अंकावर लातूरचा पत्ता छापला आहे. तो खरा आहे का?'

खालच्या ओळीत माझं नाव होतं, तेव्हा उत्तर मीच द्यायचं होतं. मी तीनदा लिहायला बसलो. पाचवा अंक निघाला नाही. मित्र पांगले, छापखान्याचं देणं मी दीड वर्षात फेडलं, गठ्ठे रद्दीत गेले. वर्गणीदारांची वही मात्र अजून आहे. तिच्यात त्या कंपाउंडरच्या नावापुढं पंचवीस रुपये जमा आहेत आणि चारपैकी दोनच अंक गेल्याची खूण आहे. त्यातलाही एक परत आलेला.